एक फूट खोटं

...आन एवढीशी डबी हो! साबणाची वडी आसती ना, तेवढी! आन तिला म्हणायचं कॉम्प्युटर! अहो, कॉम्प्युटर आम्ही तहसीलीत पाहिलाय की. मोठा पडदा, पडद्यामागं साहेब, साहेबासमोर रांग... रांग नाय तं तो कॉम्प्युटर कसला? आन ही पोरगी तळहातावर घेऊन आली, फुटाणे आणल्यावानी!

पोरगी म्हंजे तनुजा, आमच्या कृष्णाची. औरंगाबादेत इंजिनिअरिंगला. सन एकोणीसचा उन्हाळा. बिडकीनच्या अलीकडं आमचं गाव. गावाला खेटून कारखान्यांसाठी सहा पदरी रस्ता झाला, रस्त्याच्या मधी झाडं लावली, त्या झाडांना रोज टँकर, आन आम्हाला तीन दिवसाआड! तुम्हाला सांगतो, ती झाडं आमच्याकडं बघून लाजायची.

मी बन्सी. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. बारा वर्षं झाली, टँकर टाकीत रिकामा झाला की शिडीनं वर चढायचं, झाकण उघडायचं, बांबूची काठी आत सोडायची, किती ओली झाली ते बघायचं, आन खाली येऊन सांगायचं, "आज घराला चार हंडे." संपलं! कलेक्टरचा हुकूम एक वेळ फिरंल, बन्सीचा शब्द फिरायचा नाय. बाया रस्त्यात भेटल्या की तब्येत नंतर विचारायच्या, आधी विचारायच्या, "बन्सीभाऊ, टाकीत किती हाय?" इज्जत होती हो, इज्जत!

तर ही तनुजा म्हणती, "काका, आता तुम्हाला वर चढायची गरजच नाही. हे वरून पाण्याला आवाज देतं. आवाज परत आला की पाणी किती ते कळतं, आणि दर तासाला सगळ्यांच्या मोबाईलवर जातं." म्हणलं, बाई, आवाज तं मी बी देतो! सरपंचाला देतो, "साहेबराव, शिडी मोडलीय, नवी आणा." बारा वर्षं झाली, परत काय आला नाय!

म्हणलं, लाईट नसली मग? म्हणती, "उन्हावर चालतं, काका." घ्या! उन्हाची काय टंचाई हाय का आमच्याकडं? आणखी दहा चालव म्हणलं!

बसवली बाई तिनं. टाकीच्या झाकणाला आतून. आता मला सांगा, घरात नवी वस्तू आली, मोटरसायकल म्हणा, ट्रॅक्टर म्हणा, तर आपण पहिल्यांदा काय करतो? लिंबू-मिरची बांधतो. मी बी बांधली. कुठं बांधू? बाहेर उन्हानं सुकंल, म्हणून आतून, बरोबर डबीच्या खाली! तासाभरानं गावातले सगळे मोबाईल एकदम टुणटुण टुणटुण... "टाकी भरली!"

अहो, अख्खं गाव हजर! हंडे, घागरी, बादल्या... वच्छलाबाई तर लग्नातला मोठा पितळी गंज डोक्यावर घेऊन पळत आली. "सोड की रं बन्सी, काय हातानं धरून बसलास?" मी वर चढलो, काठी घातली, आन नेहमीसारखा वरडलो, "काय नाय हो! टाकी संपली! जा आपापल्या घरी!" तनुजा वर आली, आत वाकून बघितलं, लिंबू काढलं आन माझ्या हातात ठेवलं. "काका, आवाज या लिंबावरूनच परत येत होता."

तुम्हाला सांगतो, मला लई बरं वाटलं. लिंबातलं आन पाण्यातलं कळत नाय, आन म्हणे कॉम्प्युटर! एवढीशी डबी हो, तिला कुठून आली अक्कल?

पण ते बरं वाटणं टिकलं एक मिनिट. पोरीनं कायतरी दाबलं, आन पुन्हा सगळ्यांचे मोबाईल टुणटुण. काय आलं? "शिल्लक, एक फूट."

आता तुमच्यापासून काय लपवायचं... ते एक फूट बारा वर्षांपासून तिथंच आसायचं. मी एक फुटावर आलं की नळ बंद करायचो आन "संपली" म्हणायचो. गाव हाय, कधी काय येईल सांगता येतं का? टँकरची खेप बुडती, कोणाकडं मयत होती, कोणी बाळंत होतं... तवा पाणी कुठून आणायचं? आन एक फूट हाय म्हणून सांगितलं आसतं तर ते राहिलं आसतं का? बिलकुल नाय! म्हणून खोटं बोलायचो. बारा वर्षं, इमानदारीनं!

आन ह्या डबीनं आल्या दिवशी खरं बोलून टाकलं. तेबी सगळं गाव हंडे घेऊन उभं आसताना!

वच्छलाबाई वरडली, "आगं बया, बारा वर्षं आमचं पाणी दाबून बसला हा!" साहेबराव सरपंच, चष्मा कपाळावर सरकवून, "बन्सी, याचा लेखी खुलासा द्यावा लागंल." आन मागून कोणतरी म्हणलं, "चोर हाय."

चोर! मी शिडीवर, हातात ते लिंबू. अहो, त्यातला एक तांब्या माझ्या घरी गेला नव्हता. पण खोटं बोललो, हे तं खरंच होतं ना!

तेवढ्यात साळूबाई पुढं आली. सत्तरीची म्हातारी, कमरेत वाकलेली, जीभ मात्र ताठ. म्हणली, "गप बसा रे! माझी सून बाळंत झाली तवा चार दिवस टँकर नव्हता. सकाळी हाच वरडला, टाकी संपली. आन दुपारी हाच दोन घागरी घेऊन माझ्या दारात. म्हणला, मावशी, कुठून आणलं ते विचारू नको. नाय विचारलं मी." वच्छलाबाईनं गंज खाली ठेवला. तिचा सासरा गेला, तवाच्या घागरी तिला आठवल्या. मग एकेकाला आठवायला लागलं. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली?

तनुजा हळूच म्हणली, "मग काढून टाकू का हे?" म्हणलं, सुटलो! तर साळूबाई म्हणती, "काढती कशाला? त्याला बी शिकव की! एक फूट राहिलं की संपली म्हणायचं!" सरपंच म्हणले, "अहो, पण आता तं सगळ्यांना माहीतच झालं..." म्हातारी म्हणली, "आसू द्या माहीत! डोळ्यासमोर दिसलं की हात शिवशिवतो. दिसायलाच नको!" आन तुम्हाला सांगतो, सगळ्या गावानं हात वर केले. वच्छलाबाईनं तं दोन्ही!

तवापासून झकास चाललंय. टँकर कोणत्या दिवशी आला, किती भरला, सगळं डबी ध्यानात ठेवती. खेप बुडाली की साहेबराव मोबाईल घेऊन तहसीलीत, आन दुसऱ्या दिवशी टँकर दारात. आमच्या तोंडच्या बोलण्यावर तिथं कधी कोणी विश्वास ठेवला होता? तनुजानं शेजारच्या दोन गावांत बी डब्या बसवल्या. माझी शिडी सुटली, गुडघे पोरीला दुवा देतात. चांगलं झालं, मी कुठं नाय म्हणतो?

पण न्याय बघा हो! एक फुटाचं खोटं मी बोललो, तर चोर. आन तेच खोटं ही रोज बोलती, दर तासाला बोलती, आन अख्खं गाव कौतुकानं म्हणतं, "एवढीशी डबी, पण किती शहाणी!"