शंभरात ओळखीन म्हणालो होतो

...आणि वर मलाच म्हणतात, चूक तुमची! आता तुम्हीच सांगा, आंघोळ घालणं हा काय गुन्हा आहे? आमच्या कुत्रीची पिल्लं दवाखान्यात न्यायची, लस टोचायची, मानेत चिप बसवायची, आणि ज्याच्या नावाची चिप त्याने पिल्लू तिथूनच उचलून घरी न्यायचं. नवे मालक नटूनथटून येणार, मग पिल्लं काय मळकी न्यायची? घातली बादलीत! आणि गळ्यातले लोकरीचे दोरे काढून ठेवले, भिजतील म्हणून... तिथेच बोंबललं.

कारण तुम्हाला सांगतो, सहाच्या सहा काळीकुट्ट! ओळखायची ती दोऱ्यावरून. लाल मेहुण्याचं, पिवळं शेजारणीचं, हिरवं माझं. बायको म्हणाली होती, "एकच ठेवायचं, आणि त्याचं सगळं तुम्ही करायचं." कबूल! कारण ते हिरवं, माझं बटण, रोज सकाळी माझ्या पायावर येऊन झोपायचं. आमच्या घरात आपण होऊन माझ्याजवळ येणारं तेवढं एकच हो! बाकी सगळे कामापुरते येतात.

तर दवाखान्यात पोचलो, दोरे घरी! मेहुणा लगेच, "भावोजी, आता माझं कुठलं?" म्हटलं, "तुला काय कळणार? माझं बटण मी शंभरात ओळखीन, उरलेल्यातलं कुठलंही घे!" आणि उचललं एक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नक्की ना?" मी छाती काढून, "नक्की!" खच्चकन सुई... ते केकाटलं, मी डोळे मिटले, तर बायको म्हणते, "डॉक्टर, हातासरशी ह्यांनाही एक टोचा, कुठे जातात ते तरी कळेल." सगळा दवाखाना हसतोय! हसा लेको. टोचली ती टोचली!

मग मेहुण्याच्या पिल्लाला टोचलं. त्याने ते खाली ठेवलं, तर ते डुलत डुलत आलं... आणि माझ्या बुटावर हनुवटी टेकून झोपलं. अहो, हेच माझं बटण! आणि माझ्या हातातलं? ते माझा अंगठा चावत होतं.

"अदलाबदल करू या रे," मी म्हटलं. मेहुणा असा गोड हसला, "भावोजी, शंभरात ओळखणार होतात ना? इथे तर सहाच होती!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाव बदलता येईल, पण दोघांची संमती हवी. मेहुणा म्हणाला, "विचार करतो." आता ज्याच्या टकलावरून मी भर लग्नात सगळ्यांना हसवलं, तो काय विचार करणार? टोचली ती टोचली!

गयावया केली हो मी, फोनवर रडलोसुद्धा. फोन स्पीकरवर होता, हे नंतर कळलं. आणि घरातलं ते कार्टं? खायला मी घालतो, घाण मी काढतो, पावसात फिरवतो मी, आणि बसतं बायकोच्या मांडीवर. तिथून माझ्यावर गुरगुरतं!

परवा मेहुणा बटणाला घेऊन आला. मी धावत जाऊन तेच बूट घातले, खुर्चीत बसलो, पाय पुढे केला, "बटण, ये रे राजा!" ते आलं. वास घेतला. शेपटी हलवली... माझ्या डोळ्यांत पाणी! आणि मग वळलं, मेहुण्याच्या पायावर जाऊन पसरलं आणि चक्क घोरायला लागलं.

बायकोने बघितलं, आणि म्हणाली, "शिका जरा. त्याला आपला माणूस ओळखता येतो."

पाय मागे घेतला, आणि कार्ट्याला फिरवायला घेऊन गेलो.