डोकं खाली, पाय वर

...आणि शेजारची ग्लेनडा कुंपणावरून मलाच विचारते, 'डोलोरेस, तू अंगणात पुरलंयस तरी काय गं?' आता बाई, आधी मला विचारायचंस ना, आणि मग सरकारी माणसाला सांगायचंस?

तुम्हाला सांगते, आमचा लिऑन, माझा नवरा, नॉरफोकच्या आरमारी गोदीत पाणबुड्यांचे नकाशे काढतो. काम गुप्त, म्हणून सरकारची परवानगी लागते, आणि ती दर काही वर्षांनी पुन्हा तपासतात. परवानगी गेली की नोकरी गेली. आणि जाते कशाने? दारूने जाते, खोटं बोलण्याने जाते, आणि थकलेल्या कर्जानेही जाते... कारण कर्जात बुडालेला माणूस उद्या नकाशे विकेल, अशी त्यांना धास्ती. आमचा लिऑन विकणार? अहो, या माणसाला जुनी गाडी विकता येईना, दोन वर्षं दारात उभी आहे, आणि हा पाणबुडी विकणार?

सासूबाईंच्या आजारपणाची बिलं आम्ही क्रेडिट कार्डांवर भरली, आणि मग कार्डं थकली. लिऑनने परवानगीच्या फॉर्मवर सगळं लिहिलं. त्याच्या ऑफिसातली बाई म्हणाली होती, 'कर्ज आहे म्हणून लगेच कुणी काढत नाही. लपवायचं मात्र नाही.' लपवायचं नाही. मी ते कागदावर लिहून फ्रिजवरच चिकटवलं.

मग ठरलं, घर विकून मोकळं व्हायचं. आता घर विकायचं म्हटल्यावर आमच्या कॅथलिकांत काय करतात? संत जोसेफची वीतभर मूर्ती अंगणात पुरतात, डोकं खाली, पाय वर, तोंड घराकडे. संत अवघडतो आणि लवकर गिऱ्हाईक आणतो. मी नऊ दिवसांची प्रार्थना धरली, नऊ बुधवार गोड सोडलं, आणि एका सकाळी चर्चमध्ये मिस्सेला निघण्याआधी, लिऑन दाढी करत असताना, गुलाबाखाली खड्डा खणला. लिऑनला सांगितलं नाही, तो हसतो. मूर्तीला ओल लागू नये म्हणून चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळली... तिथेच माती खाल्ली.

चौकशीवाले शेजाऱ्यांनाही विचारतात, हे कुणाच्या डोक्यात येतं? त्यांचे मिस्टर ओडेल ग्लेनडाकडे गेले, आणि आमची ग्लेनडा म्हणाली, 'माणसं चांगली आहेत हो. फक्त मागच्या आठवड्यात ती भल्या सकाळी काहीतरी चमकणारं पुरत होती. पुरताना पुटपुटतही होती.'

झालं. ओडेल आमच्या स्वयंपाकघरात. 'मॅडम, अंगणात काय आहे?'

लिऑन चुन्यासारखा पांढरा. 'डोलोरेस, काय आहे अंगणात?'

लपवायचं नाही. मी सगळं सांगितलं. संत सांगितला, फॉइल सांगितली, सासूबाईंची बिलं सांगितली, चर्चच्या बिंगोत हरलेले वीस डॉलर सांगितले, जे लिऑनलाही ठाऊक नव्हते, ग्लेनडाचं परत न केलेलं केकचं भांडं सांगितलं...

'भांडं राहू द्या,' ओडेल म्हणाले. 'कर्जाचं काय करताय?'

मी बँकेशी ठरलेल्या हप्त्यांच्या पावत्या पुढे केल्या. सात महिने, एकही चुकलेला नाही. तो माणूस एकेक पावती तारखेनिशी तपासत होता, आणि मी टेबलाखाली जपमाळ ओढत होते.

मग म्हणाले, 'खुरपं आहे?'

तिघं अंगणात. खणलं. ओडेलनी फॉइल सोडवली, संताच्या दाढीतली माती बोटाने झाडली, आणि हळूच विचारलं, 'तोंड घराकडे होतं?'

'हो.'

'आमचं रस्त्याकडे आहे,' ते म्हणाले. 'अकरा महिने झाले, गिऱ्हाईक नाही.'

लिऑनची परवानगी राहिली, हप्ते चुकवू नका एवढं बजावून. आणि मागच्या आठवड्यात एक कार्ड आलं, नाव नाही, गाव नाही, नुसतं लिहिलेलं, 'तोंड फिरवलं. नऊ दिवसांत गेलं.'

आमचं? मी संताला पुन्हा पुरलंय, या वेळी लिऑनला सांगून, आणि ग्लेनडाला कुंपणापाशी बोलावून. लपवायचं नाही. येईल गिऱ्हाईक, येईल... तोवर ग्लेनडाच रोज संध्याकाळी विचारते, 'काय गं, अजून उलटाच आहे का बिचारा?'