उभय म्हणजे दोन्ही

मुलगी : आई, तू पुन्हा खिडकीशी गेलीस. धडा माझा आणि येरझारा तुझ्या.

आई : आले. उभयचर म्हणजे काय, सांग.

मुलगी : जमिनीवर आणि पाण्यात, दोन्हीकडे राहणारा प्राणी. उभय म्हणजे दोन्ही, चर म्हणजे फिरणारा.

आई : नुसता फिरणारा? राहणारा नाही?

मुलगी : चर म्हणजे फिरणाराच. जलचर, निशाचर. पण बाई म्हणाल्या, इंग्रजीतला ॲम्फिबियन ग्रीकमधून आलाय. त्याचा अर्थ, दोन्ही आयुष्यं जगणारा.

बाबा : (स्वयंपाकघरातून) आईलाच विचार. निम्मं आयुष्य जहाजाच्या इंजिनांत गेलंय तिचं.

आई : आणि आता बंदराच्या ऑफिसात खुर्ची उबवतेय.

बाबा : फोन वाजला की गॅलरीत पळतेस, ते सांग.

मुलगी : सकाळी कुणाचा होता, आई?

आई : कंपनीचा. एका जहाजावरचा चीफ इंजिनिअर आजारी पडलाय. येता का, विचारत होते.

मुलगी : मग?

आई : संध्याकाळी सांगते म्हटलं.

बाबा : मला विचारशील असं वाटलं होतं.

आई : तू ‘जा’ म्हणाला असतास. मग ते माझं जाणं राहत नाही, तुझे उपकार होतात.

मुलगी : इथे करमत नाही तुला?

आई : करमतं गं. पण रात्री पलंग हलत नाही म्हणून जाग येते. आणि तिकडे असले की तुला ताप तर नसेल, म्हणून.

मुलगी : म्हणजे दोन्हीकडे राहत नाहीस. दोन्हीकडे जागी असतेस.

आई : चारच महिने आहेत.

मुलगी : मी लहान होते तेव्हाही चारच होते. तू आलीस, मी दार उघडलं आणि ‘बाबा घरी नाहीत’ म्हणाले.

आई : विसरले नाही मी ते.

(फोन वाजतो.)

बाबा : घे. इथेच बोल, आमच्यासमोर.

आई : हॅलो. हो, मीच... येईन. पण लगेच नाही, मुलीची परीक्षा संपल्यावर. तेवढं थांबता येत नसेल तर दुसरं कुणी बघा... बरं. ठेवते.

मुलगी : काय म्हणाले?

आई : थांबतायत.

बाबा : मोठी बॅग माळ्यावर आहे. शिडी कुणीतरी धरा.

मुलगी : मी धरते. आई, तू जेवून घे. अजून गेली नाहीस तू.