पुन्हा प्रयत्न करा

— नाही हो, मशीनला काही झालेलं नाही, उगाच उघडू नका ते. पडद्यावरची बाई छान बोलते, कॅमेरा टकामका बघतो, सगळं झकास चाललंय. बिघाड असलाच तर तो ह्यांच्यात — हे काय, खुर्चीत बसलेत ते, आमचे साहेब. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ऐकू मात्र सगळं येतं. येऊ दे की! इतकी वर्षं मी ऐकलं, आता त्यांनी ऐकावं. पण तुम्हाला पाठवलं कोणी? मुलानं? तो तिकडे एवढ्या लांब, त्याला काय स्वप्न पडलं — काय? रोजचं सगळं त्याच्या फोनवर दिसतं? बाबांचा एकही व्यायाम पुरा होत नाही म्हणून? अगं बाई! हे मला कोणी बोललंच नाही. बसा, चहा टाकते.

आता कसा पुरा होणार, तुम्हीच सांगा. हात उचला, मूठ उघडा, अंगठा बोटांना लावा — एवढं साधं, पण ह्यांना जमेल तर ना! ती बाई म्हणते, पुन्हा प्रयत्न करा. करतात बिचारे. घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी येतं, नाकातूनही येतं — पुसत नाही मी, म्हटलं व्यायामात व्यत्यय नको. मी आपली समोर लसूण सोलत बसते, ही आत्ता ताट घेऊन बसलेय तशीच. थांबले की म्हणते, अहो, ती परत करा म्हणतेय ना, मग करा की परत! मला नाही का तुम्ही कपच्या कप मोरीत ओतून चहा परत करायला लावलात? डॉक्टर म्हणाले होते थोडं थोडं करा. थोडं कशाला? सकाळभर चालतं आमचं. दुपारी पुन्हा बसवते.

कुठलं, ते स्टँड? वळलंय होय? धूळ पुसताना सरकलं असेल. उजवा हात कॅमेऱ्यात येतच नाही म्हणता — बघा बाई, म्हणून ती मोजत नव्हती! असं बघू नका माझ्याकडे. बरं, सरकवलं मी. मीच. जा, सांगा माझ्या मुलाला. पण त्याला हेही सांगा की त्याच्या आईला ह्या घरात नाव नव्हतं. चुटकी होती. ह्यांनी चुटकी वाजवली की मी धावायचं — पाणी, चप्पल, पेपर, काय हवं ते तोंडानं सांगायचेही नाहीत, मी ओळखायचं. पाहुण्यांसमोर चुटकी, सुनेसमोर चुटकी. मी तापानं फणफणले होते तेव्हाही चुटकी. तो हात लुळा पडला त्या रात्री मी सलग झोपले हो, पहिल्यांदा. आणि तुमची ती बाई पहिल्याच दिवशी काय म्हणते? अंगठा बोटाला लावा! मी बरा लावू देईन.

करा सरळ ते स्टँड, करायचंच तर. करून बघू द्या त्यांना, होतंय काय! अहो, उचला हात, पाहुणे बघतायत. हां. मूठ उघडा. बघा, हलत्येय का पुरती? लावा अंगठा, लावा, घासा चांगला —

आले हं!

…

तुम्ही ऐकलंत? ऐकलंत ना? चुटकीच ना ती? आणि मी… मी उठलेसुद्धा. लसणाचं ताट सगळं पायात. काय म्हणाली ती बाई — शाब्बास? कोणाला शाब्बास? अहो, कॅमेरा वळवला नसता तर एकदा करून सुटले असते हे, रोज दोन मिनिटांत. सकाळ-दुपार घोटून घेतलं ते मी. मीच शिकवली त्यांना परत. बघा, हसतायत. किती दिवसांनी हसतायत.

चहा राहू द्या, निघा तुम्ही. मुलाला सांगा, मशीन चांगलं आहे, बाबा बरे होतायत. दार ओढून घ्या जाताना — हो हो, ऐकलं! पाणी ना? आणते.