कोपरा फाटलेलं पत्र

कुसुमताई, तुमचा मुलगा परदेशी निघालाय म्हणून सांगते. आमचे धाकटे भाऊजी सहा महिने स्पेनला तिथली भाषा पक्की करायला गेले, तेव्हा त्यांच्या खुशालीचं पत्र येईपर्यंत मी मीठ सोडलं होतं. सहा महिने मराठीत अक्षर लिहायचं नाही, असा भाऊजींचाही नेम होता.

दोन महिने अळणी जेवले. मग एकदा यांनी देवळी गावच्या पोस्टातून भाऊजींचं पत्र आणलं, देवापुढे ठेवलं आणि पाय धुवायला गेले. सासूबाईंनी ते उचललं आणि मटकन खाली बसल्या. पाकिटाचा कोपरा फाटलेला! तेव्हा तसं पत्र म्हणजे मयताची खबर. आत चार पानं, सगळी स्पॅनिश.

 मी पानं नीट पाहिली आणि सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, रडू नका. अक्षर भाऊजींचंच हाय. गेलेला माणूस चार पानं कसा लिहीन?"

तेवढ्यात हे आले. "आई, काऊन रडून राह्यली? शाळेच्या मास्तरले परदेशी तिकिटं जमवाचा नाद हाय, म्हणून मीच तिकिटाचा कोपरा फाडून देला."

"बह्याडा, माहा जीवच गेलता!" सासूबाईंनी डोळे पुसले आणि जेवताना स्वतः माझ्या पानात मीठ वाढलं.

तुम्हीही असा नेम धरा, ताई, देव ऐकतो. फक्त पत्र आलं की तिकीट आधी घरच्या माणसांपासून सांभाळा.