भाऊची टेरिलीनची पँट

हसू नका, पण ही कंबर माझीच आहे. मोठा भाऊ वारला, तशी त्याची बोदवड स्टेशनवरची हमाली मी धरली. तो मला जाड्याच म्हणायचा. त्याच्या टेरिलीनच्या पँटला हात लावला की ओरडायचा, "ढिली करशील."

परवा धुळ्याला मामाकडे साखरपुड्याला मी तीच पँट घातली. मामाच्या पाया पडायला वाकलो आणि पँट घसरून गुडघ्यावर आली. चार महिन्यांत पोती वाहून पोट कधी गेलं, कळलंच नव्हतं.

भाऊ गेल्यापासून न हसलेली आई तोंडाला पदर लावून आमच्या अहिराणीत म्हणाली, "तो ऱ्हाता ते म्हनता, 'मनी पँट ढिली करीच टाकी ना, जाड्या.'"

भाऊ असता तर अगदी हेच म्हणाला असता. आणि ती इतकी हसली, की मी पँट वर ओढायचंच विसरलो.