मामांची मिशी

न्हाव्याच्या दुकानात माझ्या शेजारी एक चित्रकार आणि त्याचे मामा नंबर लावून बसले होते.

“मामा, तुमचं चित्र हुबेहूब झालंय. फक्त मिशी उतरवावी लागेल.”

“मग उतरव की.”

“चित्रातली नाही, तुमची. चित्रातली संपली.”

“संपली म्हणजे?”

“डावी बाजू जाड वाटली, म्हणून बारीक केली. मग उजवी जाड दिसायला लागली.”

“तीस वर्षं सांभाळलीय रे.”

“एवढं शेवटचं, मामा. मग ब्रशला हात लावणार नाही.”

“बरं, उतरवतो. आणखी काही राहिलं नाही ना?”

“काही नाही. डावा कान तेवढा किंचित मोठा वाटतोय.”

मामा उठले.

“चल घरी. तू नुसती सही कर. मिशी मी रंगवतो, वाकडी तर वाकडी.”